नसबंदीचा पहिला मानकरी

प्रज्ञाचे बाबा,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मोठे साहेब आले होते. जिल्ह्याहून, पांढऱ्या गाडीतून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला हार घेऊन. भंतेजींचं पंचशील संपायच्या आत त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. त्यांना तुमचं नाव माहीत नव्हतं. सुरुवातीला तुम्ही नुसते 'आपले दिवंगत कर्मचारी' होतात. बाजूच्या कारकुनानं कानात सांगितलं तेव्हा कुठे 'गौतमराव' झालात.

मग साहेब रंगात आले. जंगलातल्या माणसाला जागृती नसते, त्याला कुटुंब नियोजनाचं महत्त्व समजत नाही, अशा अंधारात गौतमरावांनी दिवा लावला, वगैरे. आणि शेवटी हात उंच करून म्हणाले, "पुरुष नसबंदीचा या भागातला पहिला मानकरी आज आपल्यातून गेला. आधी केले, मग सांगितले!"

मला हसू आलं. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलायचे थांबेनात. शेजारच्या कुसुमबाईंना वाटलं मी हुंदके देते आहे. त्या माझी पाठ थोपटत राहिल्या, "रडून घे बाई, रडून घे." मी आणखी हसले.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्हाला आवडलं नसतं. म्हणून आता मुळापासून सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण तुम्ही ते माझ्या तोंडून एका दमात कधी ऐकून घेतलं नाही. अर्ध्यावर आलं की "चहा मांड न" म्हणून उठायचात. आता उठून दाखवा.

तेव्हा तुम्ही आरोग्य सेवक म्हणून नवे होतात आणि मी शाळेत शिकवत होते. सिद्धार्थ चालायला लागला होता, प्रज्ञा अंगावर पीत होती. धान घरात आल्यावर थंडीत शिबिर लागायचं. इतर सेवक बायका गोळा करून आणायचे, कारण बाईला आणणं सोपं. सासूनं हाकललं, नवऱ्यानं मान हलवली की ती पोर कडेवर घेऊन येते आणि जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर निमूट आडवी होते. तुम्ही म्हणालात, मी गडीमाणसं आणतो. ऑफिसात सगळे हसले. तुम्ही मीटिंगा घेतल्या नाहीत, भिंती रंगवल्या नाहीत. तुम्ही कोंबडबाजारात जाऊन बसलात. झुंजीवर पैसे लावायला चार गावचे गडी जमतात, तिथे त्यांच्यासोबत उकिडवे बसून, हरलेल्या कोंबड्याचं मटण खाऊन, तुम्ही त्यांच्याशी बोललात. बायकोला ऑपरेशन केलं की धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, तिचे हात कमी पडतात, वाकता येत नाही, ओझं उचलता येत नाही. तुमचं दहा मिनिटांचं काम आहे, टाका नाही, दुसऱ्या दिवशी बैल धरा. हा हिशेब त्यांना लगेच कळला. जागृती म्हणे नसते!

ते आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आले आणि आरोग्य केंद्राच्या आवारातल्या मोहाच्या झाडाखाली उभे राहिले ते उभेच. पहिला कोणी जाईना. दसरू मडावी त्यातला सगळ्यात दांडगा, पाठीवर धानाचं पोतं घेऊन नाला ओलांडणारा गडी. तो तुमच्याकडे बोट करून म्हणाला, "पयले तुमी जा, भाऊ. मंग आमी."

तुमची काय बिशाद होती नाही म्हणायची. गेलात आत.

पुढचं मी पाहिलं नाही, तुम्हीच सांगितलं. टेबलावर झोपलात. डॉक्टरनं बधिर करायची सुई हातात घेतली. तुम्ही ती सुई पाहिली आणि टेबलावरून उडी मारून खाली उतरलात. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांच्या दंडात लस टोचणारा माणूस! डॉक्टर आधी हसले, मग चिडले. म्हणाले, बाहेर माणसं उभी आहेत, तू असा पळालास तर एकही आत येणार नाही, पुन्हा या भागात पुरुषांचं शिबिर विसरा. बस त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर, पाणी पी, आणि मग हळू चालत बाहेर जा.

आणि तुम्ही गेलात. पाय फाकवून, एक हात कमरेवर. दसरूनं विचारलं, "दुखलं का, भाऊ?" तुम्ही म्हणालात, "मुंगी चावली समजा."

मग एकामागून एक सगळे आत गेले. सुई पाहून त्यातला एकही पळाला नाही. ते अडाणी होते ना.

संध्याकाळी घरी आलात तेव्हा मी चुलीपाशी तांदूळ निवडत होते. तुम्ही हसत हसत सांगायला लागलात आणि माझा चेहरा पाहून थांबलात. "कोणाले सांगू नोको," म्हणालात.

"नाई सांगत. पण मंग तुमी कधी करता?"

"करतो न. पुढच्या शिबिरात."

पुढच्या शिबिरात तुम्ही कसे करणार होतात? ज्याची झाली तो पुन्हा कशाला झोपेल? तोवर तुमचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागला होता, साहेबासोबत, गळ्यात हार. कुठल्याही गावात गेलात की तुमचं उदाहरण तुम्हीच देत होतात. मी म्हटलं, नागपूरला जा, तिथे तुम्हाला कुत्रं ओळखत नाही. तर सुट्टी नाही. मग आईला बरं नाही. मग रस्ता वाहून गेला. मग थंडी फार आहे. एवढा मोठा बाप्या, आणि एका सुईसाठी तुम्ही ऋतू बदलत राहिलात.

आणि मग माझी पाळी चुकली.

प्रज्ञाचे बाबा, मी तुमच्यावर पुष्कळदा चिडले, पण त्या दिवसांत मला तुमची किळस आली होती. हा शब्द मी तुम्ही असताना वापरला नाही, आता वापरते. कारण तुम्हाला ते समजतच नव्हतं. तुम्ही म्हणालात, "काऊन घाबरतं? तिसरं झालं तं झालं." ज्याची नसबंदी सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे त्याच्या बायकोचं पोट दिसायला लागलं तर लोक तुम्हाला विचारायला येणार नव्हते. ते माझ्याकडे पाहणार होते. शाळेत, नळावर, बुद्धविहारात. कोणाचं? एवढंच विचारलं असतं आणि तुम्ही काय सांगितलं असतंत? "मी खोटं बोललो" हे सांगायला तुमची जीभ रेटली असती का? मला खात्री नव्हती. लग्नाला इतकी वर्षं होऊन मला माझ्या नवऱ्याची एवढीही खात्री नव्हती.

पाळी आली, उशिरानं आली. पण मी ठरवलं. पोरांना घेऊन माहेरी नागभीडकडे गेले. तिथे आमच्या बाजूच्या गावात एका शाळेत शिबिर होतं. सर्जन दुपार उलटल्यावर आले, त्यांना अंधाराच्या आत परत जायचं होतं. वर्गातले बाक भिंतीला लावले होते आणि खाली आम्ही बायका ओळीनं. माझ्या डोक्यावर बाराखडीचा तक्ता होता. मी शिकवणारी बाई, त्या तक्त्याखाली कोंबडीसारखी पालथी-उताणी होत पडले होते, आणि माझ्या बाजूला एक पोरगी, प्रज्ञाच्या आजच्या वयाहून लहान, मला विचारत होती, "बाई, लय दुखते का?" मी तिला खरं सांगितलं. दुखतं म्हणाले.

टाका पिकला. दोनदा उघडून धुवावा लागला. शाळेत मी सांगितलं, गाठ काढली. तेव्हापासून भरलेली बादली मी उचलली नाही. पाणी तुम्ही भरू लागलात. बोअरिंगवरून दोन्ही हातांत दोन बादल्या, भर चौकातून. लोक "बायकोचा गडी" म्हणायचे, तुम्ही हसायचात. शेवटचं आजारपण येईपर्यंत एक दिवस चुकला नाही. ते तुम्ही प्रेमानं भरलंत की लाजेनं, हे मी विचारलं नाही. पाणी मात्र भरलंत, हे मी कुठेही सांगेन.

आणि तुमचं कामही मी खाली पाडणार नाही. ज्यांना त्याच्याबद्दल बोलायचा हक्क नाही तेच आज त्याच्यावर भाषणं करतात, म्हणून तर मला चीड येते. ह्याच ऑफिसनं ऐन रोवण्यात शिबिर लावलं होतं. बायामाणसं गुडघाभर चिखलात, आणि हे मंडप टाकून बसले. कोणी आलं नाही. अहवालात काय लिहिलं? समाजात उदासीनता. दुसऱ्या वर्षी तेंदूपत्त्याच्या दिवसांत लावलं. सगळं गाव पहाटे जंगलात. पुन्हा उदासीनता. तुम्ही मीटिंगमध्ये उठून म्हणालात, "साहेब, लोक उदास नाईत, कामावर हायेत." तुमची बदली नदीपलीकडे झाली. तिथेही तुम्ही गोळ्यांची पाकिटं डोक्यावर पिशवीत बांधून छातीभर पाण्यातून नेलीत. दवाखान्याच्या कुलूपबंद कपाटात दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं होती आणि ते द्यायला शिकलेली सिस्टर प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याला होती. बायका चालत यायच्या, कपाटाकडे पाहून परत जायच्या. पुण्यामुंबईहून पाहणीला आलेल्या मंडळींनी मांडीवर लॅपटॉप ठेवून तुम्हाला विचारलं होतं, "यांची मानसिकता कशी बदलता येईल?" तुम्ही घरी येऊन जेवता जेवता ते मला सांगितलंत आणि म्हणालात, "त्यायले म्हटलं, कपाटाची किल्ली बदलून पाहा." तुम्ही तिथे खरंच तसं म्हणाला होतात की घरी येऊन सुचलं, कोण जाणे. पण मी तेव्हा पोटभर हसले होते, टाका दुखेपर्यंत.

आपलं भांडण शेवटपर्यंत एकच राहिलं. तुम्ही म्हणायचात, "माह्या एका खोट्यानं किती बाया वाचल्या, मोज." मी म्हणायचे, "मी नाई वाचली." तुम्ही म्हणायचात, "तू समजदार हायेस." हे 'समजदार' म्हणजे काय असतं ते मला चांगलं कळलंय. ज्या बाईवर ओझं टाकलं की ती पाडत नाही, ती समजदार. दसरूची बायको वाचली, ट्रॉलीतल्या सगळ्यांच्या बायका वाचल्या, हे खरं आहे. मी ते कधी नाकारलं नाही. पण त्या वाचल्या ते त्यांच्या नवऱ्यांनी सुई टोचून घेतली म्हणून. तुम्ही स्टुलावर बसलात म्हणून नाही. हा फरक तुम्ही कधी कबूल केला नाहीत, आणि आता करणार नाही.

मग प्रज्ञाचं निघालं. लहानपणापासून तिचे हातपाय दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे. तुम्ही गावोगाव सिकलसेलच्या तपासणीचे फलक लावत फिरायचात आणि घरातल्या चौघांचं रक्त तपासायचं राहून गेलं होतं. तुमच्या रक्तात तो दोष अर्धा, माझ्या रक्तात अर्धा, पोरीत पुरा उतरला. त्या दिवशी तुम्ही अंगणात बसून रडलात. नंतर तिला दुखणं उठलं की गरम पाण्याची पिशवी घेऊन तिच्या पायांशी तुम्हीच बसायचात, मला उठू द्यायचे नाहीत. ती झोपली तरी हात काढायचे नाहीत. ते मी विसरले नाही. विसरता येत असतं तर तुमच्यावर रागावणं फार सोपं झालं असतं.

तिचं लग्न अमोलशी झालं. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात ठेक्यावर काम करणारा पोरगा, सरळ आहे, दारूला शिवत नाही. पहिलं बाळंतपण कसंबसं झालं. दुसऱ्याला रक्ताच्या बाटल्या शोधत तुम्ही आणि अमोल चंद्रपूरभर धावलात. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर उभं करून सांगितलं, तिसरं राहिलं तर ही राहणार नाही. आणि हिचं ऑपरेशन करायला सांगू नका, हिला भूल देणं म्हणजे जोखीम आहे. नवऱ्यानं करून घ्यावं.

तुम्ही अमोलला चहाच्या टपरीवर नेलंत. काय बोललात ते त्यानंच मला नंतर सांगितलं. "मी केली बेटा, तीस वर्सं झाली. माहं काय बिघडलं?" आणि तो म्हणाला, "बाबा, तुमी केली तं मी काऊन नाई करणार?"

मला ते कळलं तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. मी गप्प बसले. पोरीचा जीव वाचत असेल तर हे खोटंही चालू दे, असं मनाशी म्हटलं. अमोल सुट्टी काढणार होता.

आणि तुम्ही आजारी पडलात. साखर तुमची जुनीच होती. पथ्य तुम्ही लोकांना सांगायचात, स्वतः पाळायचे नाहीत, तेही तुमच्या स्वभावाला धरूनच. मूत्रपिंडं गेली. अंग सुकलं, बादली सुटली, मग काठी आली, मग खाट. भेटायला येणारे बाहेर अंगणात हळू आवाजात काय बोलायचे ते मला स्वयंपाकघरातून ऐकू यायचं. "नसबंदी केल्ती न त्यानं. सुरवातीलेच." "हाव, म्हणून तं. माणूस आतून खपत जाते." तुमच्याही कानावर हे पडत होतं. तुम्ही खाटेवर डोळे मिटून घ्यायचात. एकदा तरी ओरडून सांगायचं होतं. तोंडात पाणी घालायला मी होते, हाक मारायला आवाज होता. तुम्ही तसेच गेलात, मानकरी राहून.

माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी अमोल माझ्याजवळ बसला. नजर खाली. म्हणाला, "आई, माह्या घरचे नाई म्हणून राह्यले. बाबांचं पाह्यलं न सगळ्यायनं. मी कमजोर झालो तं खाणार काय? तुमी प्रज्ञाचंच करून टाका. चांगल्या मोठ्या दवाखान्यात करू, पैसा लागला तरी चालते."

प्रज्ञा दाराशी उभी होती. पोरगं कडेवर, डोळे पिवळे. काही बोलली नाही. तीही समजदार आहे, माझीच पोर.

त्याला मी तेव्हाच एकटं घेऊन सांगू शकले असते. सांगून पाहिलंही. तो म्हणाला, "आई, तुमी पोरीसाठी म्हणता, मले समजते." त्याला ते खोटं वाटलं. तुमचं खोटं इतकं पक्कं झालं होतं की माझं खरं त्याच्यापुढे उभं राहीना. ऑफिसच्या भिंतीवर फोटो, गावागावात साक्षीदार. माझ्याकडे काय होतं? पोटावरचा व्रण. तो जावयाला दाखवायचा का मी?

म्हणून पुण्यानुमोदन. सगळी येणार होती, ट्रॉलीतले जुने गडीसुद्धा. साहेबांचं 'आधी केले, मग सांगितले' झालं, टाळ्या पडल्या. मयताच्या कार्यक्रमात टाळ्या, पण साहेबांच्या भाषणाला टाळ्या द्यायची लोकांना सवय असते. मग सूत्रसंचालकानं रीत म्हणून विचारलं, ताईंना दोन शब्द बोलायचे असतील तर. कोणाला वाटलं नव्हतं मी उठेन. कुसुमबाईंनी हात धरला. मी सोडवून घेतला.

माईक हातात घेतला आणि म्हटलं, "यायनं नसबंदी केली नोती."

साहेबांना वाटलं माझा तोल गेला. ते कारकुनाकडे पाहू लागले. मी पुढे बोलत गेले. सुई, स्टूल, पाय फाकवून चालणं, सगळं. "ऑपरेशन माहं झालं. माहेरी, लपून. कारण माहं पोट दिसलं असतं तं तुमी सगळ्यायनं मले खाल्लं असतं. हे गेले ते साखरेनं गेले. जे यायनं केलंच नाई, त्यानं हे मरतीन कसे?"

सिद्धार्थ पुण्याहून आलेला, तो खाली मान घालून बसला. तुमची बहीण रडत उठली आणि म्हणाली, मेल्या माणसाची अब्रू काढली. काढली. खरं आहे ते. साहेब उभे राहिले, पुढच्या मीटिंगची आठवण झाली म्हणे, आणि हार फोटोला घालायचा राहिला तो तसाच खुर्चीवर ठेवून गेले.

मग मागून दसरू उठला. केस पांढरे झालेत, पण पाठ अजून सरळ. तो रागावला होता. मला वाटलं माझ्यावर. तो तुमच्या फोटोपुढे जाऊन उभा राहिला आणि तुमच्याशीच बोलला, माणूस समोर असल्यासारखा. "मंग मी कोणाच्या भरवशावर झोपलो रे, भाऊ? मले मुंगी म्हणून सांगतलं अन् तू पळाला?" थोडा वेळ तो तसाच धापा टाकत राहिला. मग त्यानं वळून विचारलं, "जवाई कोणता हाये?"

अमोल उठला.

"माही झाली," दसरू म्हणाला. "त्याच दिवशी. ह्याच्या मागून. पाह्य, मी हाये अन् हा गेला. अजून पोतं उचलतो. माह्यासंगं आलेले ते बसले न तिकडं, त्यायले विचार." आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांमधून एकजण म्हणाला, "मी तं त्यानंतर वावर घेतलं बाप्पा," आणि लोक हसले. रडणारी तुमची बहीणसुद्धा थांबली.

इतकी वर्षं ही माणसं तिथेच होती. जिवंत, धडधाकट, ज्यांच्या अंगावर खरा पुरावा आहे अशी. त्यांचा फोटो कोणी काढला नाही. सगळे तुमचा फोटो दाखवत राहिले, तुम्हीसुद्धा. तुमची लाज वाटली मला तेव्हा, आणि त्याच क्षणी वाटलं, तुम्ही हे ऐकायला हवं होतं. दसरूच्या शिव्या खाऊन तुम्ही शेवटी हसला असतात. तुम्हाला मोकळं वाटलं असतं. तेवढं सुख मी जिवंतपणी तुम्हाला देऊ शकले असते असं म्हणेल कोणी. नाही. ते तुमचं तुम्ही घ्यायचं होतं.

काल अमोलची झाली.

तालुक्याच्या दवाखान्यात. सर्जन येतील की नाही हे आदल्या दिवसापर्यंत कोणी सांगेना. दोनदा फोन केले, शेवटी मी आणि दसरू जाऊन बसलो तेव्हा 'येणार आहेत' म्हणाले. मी अमोलच्या सोबत गेले. जावयाच्या नसबंदीला सासू आलेली तिथल्या सिस्टरनं कधी पाहिली नव्हती. बाहेरच्या बाकावर मी, प्रज्ञा, दोन्ही पोरं आणि दसरू. आत जाताना अमोलचं तोंड पांढरं पडलं होतं. मी म्हटलं, "भेव वाटते का?" तो म्हणाला, "वाटते, आई." मी म्हटलं, "वाटू दे. उडी नोको मारू फक्त."

सिस्टरनं नंतर त्याला गोळ्या समजावून दिल्या आणि पुढचं सांगायला लाजली. तीन महिने सांभाळायचं, मग तपासणी, तोवर भरवसा धरायचा नाही. हे कळलं नाही म्हणून किती बायकांवर नंतर संशय आला असेल, त्याची मोजदाद कोणी केली नाही. मी सिस्टरच्या टेबलावरून निरोधची पाकिटं उचलली आणि जावयाच्या हातात ठेवली. "तीन महिने," म्हटलं. "मोजून." तो कानापर्यंत लाल झाला. दसरू छताकडे पाहू लागला. आणि प्रज्ञा हसली हो. भिंतीला टेकून, पोट धरून हसली. किती दिवसांनी पाहिलं मी तिला असं.

घरी येऊन तुमच्या फोटोला हार घातला. साहेबांचा नाही, घरच्या शेवंतीचा. उभं राहून भांडावंसं वाटत होतं, पण ते राहू दे. एकच गोष्ट डोक्यात बसली आहे, ती सांगते. अमोल आत गेला तेव्हा दसरूनं टपरीवरून चहा आणला होता. गरम होता, मी फुंकर घालून पीत होते. तेवढ्यात दार उघडलं आणि तो बाहेर आला. झालं म्हणाला.

माझा चहासुद्धा संपला नव्हता.